डॅशबोर्डमागची पिवळी वायर

[दृश्य : धक्क्याला बांधलेली जुनी फायबरची मोटरबोट. कॅमेरा सावकाश डॅशबोर्डवर येतो. उन्हाने पांढुरकं पडलेलं प्लास्टिक, कॅसेट घालायची फट.]

इंधनाचा काटा अजून बऱ्यापैकी खरं सांगतो. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटाही हलतो. स्टिरिओ तेवढा मुका झालाय. बटण दाबलं की आत जातं आणि तिथेच बसतं. कॅसेटच्या जमान्यातल्या हौशी मोटरबोटींत हे चित्र नेहमीचंच.

मालकाचा हिशोब सरळ असतो. जुना काढायचा, नवा बसवायचा. गाडीत बसवतात तसा. एका दुपारचं काम. दुपार लागतेही, पण ती बहुतेक सगळी स्टिरिओच्या मागच्या अंधारात जाते.

[दृश्य : चार स्क्रू निघतात. जुना स्टिरिओ बाहेर ओढला जातो, मागून वायरींचा गुंता येतो.]

हा गुंता एका माणसाने केलेला नाही. एका मालकाने दिवे वाढवले, दुसऱ्याने मासे शोधायचं यंत्र लावलं, तिसऱ्याने फोन चार्ज करायची सोय केली. प्रत्येकाने जोडलं, काढलं कुणीच नाही. कुठे वायरी नुसत्या पिळून वर काळी पट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीचा डिंक वितळून हाताला लागतोय. काही वायरी कुठेच जात नाहीत.

म्हणून पहिलं काम बॅटरीचा मुख्य स्विच बंद करणं, आणि दुसरं काम त्या स्विचवर विश्वास न ठेवणं. बोटीच्या तळाशी साठणारं पाणी उपसणारा पंप मुद्दामच स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेला असतो. बोट एकटी उभी असतानाही तो चालला पाहिजे. तसाच वळसा घालून कुणीतरी स्टिरिओचीही एक वायर थेट नेलेली असते. ती मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावल्यावरच कळते.

[दृश्य : दोन पिवळ्या वायरी शेजारी शेजारी. एक नव्या स्टिरिओची, एक बोटीची.]

आता या दोन वायरींकडे नीट बघा. दोन्ही पिवळ्या.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्टिरिओंमध्ये पिवळी वायर म्हणजे कायमचा पॉझिटिव्ह. चावी बंद असली तरी तिच्यात १२ व्होल्ट हवेत, कारण घड्याळ आणि लक्षात ठेवलेली स्टेशनं तिच्यावर चालतात. लाल वायर चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. काळी निगेटिव्ह. गाड्यांचं काम करणाऱ्या कुणालाही हे पाठ असतं.

बोटीत मात्र पिवळ्याचा अर्थ उलटा असू शकतो. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था १९५४ पासून बोटींच्या बांधणीची मानकं ठरवते. तिच्या वीजविषयक मानकात बॅटरीच्या निगेटिव्हला दोन रंग चालतात, काळा किंवा पिवळा. पिवळा आला त्यामागे कारण आहे. अमेरिकेतल्या घरगुती विजेत काळी वायर म्हणजे फेज. धक्क्यावरून वीज घेणाऱ्या बोटीत दोन्ही प्रकारच्या वायरी एकाच फळीमागे येतात, आणि काळी बॅटरीची समजून कुणी फेजला हात लावला तर जीव जाऊ शकतो. म्हणून नव्या बोटींत निगेटिव्ह पिवळा करण्याकडे कल वाढला. जुन्या बोटींत तो बहुधा काळाच. आणि मध्येच कधीतरी वायरिंग बदललेल्या बोटीत दोन्ही सापडतात.

रंगाला रंग जोडला, तर नव्या स्टिरिओचा पॉझिटिव्ह थेट बोटीच्या निगेटिव्हवर जाऊन बसतो. नशीब असेल तर स्टिरिओ सुरूच होत नाही. म्हणून रंग बघून अंदाज करावा आणि मीटर लावून खात्री.

स्टिरिओच्या पिवळ्या वायरीची कथा इथे संपत नाही. घड्याळ चालू ठेवायला ती समजा १० मिलिअँपिअर खाते. किरकोळ वाटतं. पण दिवसाचे २४ तास, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे महिन्याला ७.२ अँपिअर-तास. रोज चालणाऱ्या गाडीत ही तूट इंजिन भरून काढतं. बोट मात्र पाच महिने ताडपत्रीखाली उभी राहते, आणि तोवर ३६ अँपिअर-तास गेलेले असतात. बेताच्या बॅटरीचा निम्मा जीव.

उपाय असा : पिवळी आणि लाल एकत्र करून दोन्ही स्विचमागच्या एकाच फ्यूजवर घ्यायच्या. घड्याळ दर वेळी लावावं लागेल, स्टेशनं पुसली जातील. आमचं मत स्पष्ट आहे : बोटीवर स्टिरिओच्या घड्याळाकडे बघतो कोण? काही नव्या यंत्रांना मात्र कायमचा पुरवठा लागतोच, तेवढं सोबतच्या पुस्तिकेत बघून घ्यावं.

दोन बॅटऱ्या असतील तर स्टिरिओ इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर कधीच नको. नांगर टाकून तीन तास गाणी ऐकली आणि परतताना स्टार्टर नुसता टकटक करतोय, हे टाळता येण्यासारखं आहे. साधी लेड-ॲसिड बॅटरी भरलेली आणि निवांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि १२.२ च्या आसपास निम्मी रिकामी असते.

[दृश्य : मोटारीचा पत्रा आणि बोटीचं फायबर, पडद्याचे दोन भाग.]

गाडी आणि बोट यांच्यातला सगळ्यात मोठा फरक या दृश्यात आहे. गाडीचा पत्रा हीच निगेटिव्ह वायर. कुठेही स्क्रू मारा, अर्थिंग मिळालं. फायबर वीज वाहत नाही, त्यामुळे बोटीतल्या प्रत्येक उपकरणाला निगेटिव्हच्या पट्टीपर्यंत स्वतःची वायर न्यावी लागते. मग ॲल्युमिनियमच्या बोटीत तरी गाडीसारखं करावं का? तिथे तर मुळीच नाही. पाण्यात उभ्या धातूच्या सांगाड्यातून वीज परत फिरायला लागली, की सांगाडा विजेच्या वाटेवर खाल्ला जातो, आणि तो पाण्याखालच्या बाजूने.

वायरही गाडीची चालत नाही. साधं तांबं खाऱ्या हवेत काळं पडतं, आणि ओल बारीक तारांमधून प्लास्टिकच्या आतल्या आत चढत जाते. टोक कापून नवं काढलं तरी तेही काळंच. बोटीसाठी कल्हई केलेल्या तांब्याची, बारीक तारांची वायर मिळते. जोड क्रिम्प करायचा, म्हणजे धातूच्या टोपणात पकडीने दाबून बसवायचा, आणि वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवायची. नुसत्या सोल्डरवर भिस्त ठेवू नये. सोल्डर संपतो तिथे वायर ताठ होते, आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच मोडते.

[दृश्य : स्पीकर खोलला जातो. फोमची कडा बोट लावताच चुरा होते.]

स्पीकरची ही कड पॉलियुरेथेनच्या फोमची होती. दमट हवेत तिचं असंच पीठ होतं. नवा घेताना रबराची कड आणि प्लास्टिकचा पडदा बघावा, कागदाचा नको. स्पीकरच्या भोकाची कापलेली कडाही तपासा. फायबरच्या दोन थरांमध्ये पुष्कळदा बाल्साचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड असतं. ते ओलं, मऊ लागलं तर आधी वाळवून इपॉक्सीने बंद करायचं, स्पीकर मग.

जुन्या स्टिरिओंपैकी काहींत दोन्ही स्पीकरची निगेटिव्ह एकच असायची, कधी थेट अर्थिंगला टेकवलेली. आजच्या स्टिरिओत असं चालत नाही. त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरींवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा व्होल्ट असतो, आणि त्यातली एक अर्थिंगला लागली की आतला ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करून घेतो किंवा जळतो. जोडण्याआधी मीटर लावून प्रत्येक स्पीकर वायर निगेटिव्हपासून सुटी आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं, त्यावरही दोन शब्द. इंजिन चालू असताना १४.४ व्होल्ट, स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम : ५२ वॅट. म्हणजे ॲम्प्लिफायर पूर्ण ताणून, आवाज पार फाटलेला असताना जो आकडा येईल, तो खोक्यावर छापलाय. स्वच्छ आवाजाची मर्यादा त्याच्या निम्मी, आणि आतली घट धरली तर त्याहून कमी. उघड्या बोटीत, इंजिनाच्या आवाजावर मात करायला ती अपुरी वाटते. त्यावर उपाय वेगळा ॲम्प्लिफायर.

पण तो ठेवणार कुठे, याला बंधन आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साठते. बंदिस्त इंजिनाच्या किंवा पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात ठिणगी बाहेर जाऊ न देणारी, इग्निशन प्रोटेक्टेड अशी खूण असलेलीच उपकरणं चालतात. गाण्याची यंत्रं सहसा तशी नसतात. तिथे कितीही ऐसपैस जागा दिसली तरी ती आपली नाही.

[दृश्य : डॅशबोर्डवर चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलची रेघ. बारीक दात्यांचं जिगसॉ.]

नेहमीच्या मापाच्या स्टिरिओला १८२ बाय ५३ मिलिमीटरचं भोक लागतं. त्याआधीच्या, दोन दांड्यांवर बसणाऱ्या रेडिओचं भोक लहान असतं, ते वाढवावं लागतं. पट्टी लावून कापलं तर वरचा चकचकीत थर उडत नाही. तोंडाला मास्क हवाच. कापण्याआधी मागची खोली मोजा, आणि मोजताना कुणाला तरी सुकाणू दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवायला सांगा. त्याची केबल जागा बदलते.

जलरोधकतेचा आकडाही पुष्कळदा फक्त दर्शनी भागापुरता असतो. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ते पूर्ण यंत्राला लागू आहे की नुसत्या तोंडाला, हे बारीक अक्षरांत असतं. डॅशबोर्डमागे पाणी वरून, काचेच्या स्क्रूंमधून येतं. म्हणून वायरी स्टिरिओकडे नेताना खाली एक झोळ द्यायचा. थेंब त्या झोळावरून पडून जातो.

[दृश्य : इंजिन सुरू. नवा स्टिरिओ उजळतो.]

इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ, आणि सुरू केल्यावर एक बारीक शीळ, जी फेऱ्यांबरोबर चढते-उतरते? स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या जागी निगेटिव्हला जोडलेत का, ते आधी पाहा. दोघांना एकाच पट्टीवर आणलं की बहुधा ती जाते.

मग होकायंत्र. स्पीकरमागे लोहचुंबक असतं आणि नवा स्पीकर जुन्यापेक्षा जोरकस असू शकतो. बोट धक्क्याला स्थिर बांधून काम सुरू होण्याआधीचा आकडा लिहून ठेवलेला असेल, तर आता तुलना करता येते. मग स्टिरिओ चालू, बंद, पुन्हा चालू. सुई हलली तर स्पीकरची जागा बदलायची; होकायंत्राची नव्हे.

राहिला व्हीएचएफ रेडिओ, बोटीवरून बोटीशी आणि किनाऱ्याशी बोलायचा. तो बोलण्याच्या एखाद्या चॅनेलवर ठेवून, नेहमीच्या आवाजात गाणं लावून, शेजारच्या बोटीवरून कुणाला तरी बोलवायला सांगा. या चाचणीला चॅनेल १६ नको, तो मदतीच्या हाकेसाठी आहे. बोलणं गाण्यावरून ऐकू आलं नाही, तर व्हीएचएफला स्वतःचा बाहेरचा स्पीकर जोडावा, सुकाणूपाशी, कानाच्या उंचीवर. त्याच्यासाठी डॅशबोर्ड पुन्हा उघडावा लागेल, म्हणून शेवटचे स्क्रू या चाचणीनंतरच घट्ट करा.