बंद करायचं बटण कोणाच्या हातात?

नमस्कार. मागे उभे असलेल्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मला दिलेला विषय आहे, मुलाच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस कसा निवडावा. त्यावर मी येणारच आहे. पण बावीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलामागे बसून एक गोष्ट मनात पक्की झालीय, ती आधी सांगू द्या. कोणता अँटिव्हायरस घेऊ, हे मला रोज कोणीतरी विचारतं. घेतलेला अँटिव्हायरस बंद करायचा अधिकार घरात कोणाला आहे, हे आजवर एकाही पालकाने विचारलेलं नाही.

एप्रिलमधली गोष्ट. एक डीटीपीवाले गृहस्थ सीपीयू कडेवर घेऊन दुकानात आले. मागे सातवीतला मुलगा. लग्नसराई तोंडावर आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली एकही लग्नपत्रिका उघडत नव्हती. मी मशीन चालू केलं. प्रत्येक फाइलच्या नावाच्या शेवटी चार अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि सोबत 'रीडमी' नावाची एक चिठ्ठी. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर ४९०. आमच्या धंद्यातली माणसं ही चिठ्ठी लांबून ओळखतात. 'स्टॉप' नावाचा खंडणीखोर व्हायरस आहे, फायलींना कुलूप लावून ते उघडायचे पैसे मागणारा, त्याची ती चिठ्ठी. वडील चिडले होते ते अँटिव्हायरसवर. "पैसे भरून घेतलाय, अजून सात महिने बाकी आहेत. काय उपयोग झाला?"

मी अँटिव्हायरसमधल्या नोंदी उघडल्या. रविवार, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं, धोकादायक फाइल अडवली. ४:१५, पुन्हा अडवली. ४:१९, संरक्षण बंद केलं. पुढे नोंदच नाही. अँटिव्हायरसने दोनदा हात धरला होता हो!

मुलगा टी-शर्टचं टोक बोटाला गुंडाळत उभा होता. त्याला बसवलं, पाणी दिलं, वडिलांना म्हटलं जरा बाहेर चहा घेऊन या. मग तो बोलला. "काका, व्हिडिओत सांगितलं होतं, अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर गेम चालणार नाही. तो उगाचच व्हायरस म्हणतो."

क्रॅक होता, म्हणजे विकतचा गेम फुकटात चालवायची चोरवाट. झिप फाइलला पासवर्ड, १२३४. हा पासवर्ड कशासाठी, माहितीय? कुलूप लावलेल्या पुडक्यात अँटिव्हायरसला डोकावता येत नाही. मूल कुलूप उघडतं, आतला माल दिसतो, अँटिव्हायरस ओरडतो. तो ओरडणार हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून बंद करायची सूचना आधीच दिलेली असते. मुलाने दिलेल्या पायऱ्या क्रमाने केल्या. शाळेत आपण त्याला हेच शिकवतो ना? मला त्याचा राग आला नाही. राग येतो तो आमच्याच धंद्याचा. आम्ही विंडोज टाकतो, एकच खातं काढतो, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार देतो, पासवर्ड ठेवत नाही आणि मशीन घरी पाठवतो. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून.

पत्रिकांचं काय झालं? कुलूप सोडवायचं एक मोफत साधन मिळतं, ते लावून पाहिलं. पण त्या मशीनसाठी वेगळी किल्ली बनली होती, चाललं नाही. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ समोर ठेवून नवरा-बायकोने रात्री जागून पत्रिका पुन्हा जुळवल्या.

तेव्हा घरी गेल्यावर दोन खाती करा. ॲडमिनिस्ट्रेटरचं तुमचं, पासवर्डसकट. मुलाचं स्टँडर्ड, म्हणजे मर्यादित अधिकारांचं. मग डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, बंद करायला किंवा त्याला 'ही फाइल तपासू नकोस' असं सांगायला मुलाला तुमचा पासवर्ड लागेल. विकतच्या अँटिव्हायरसलाही बहुधा स्वतःचा पासवर्ड लावता येतो. तोही लावा. याने सगळं थांबत नाही. मुलाच्या खात्यातल्या फायली आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तरीही जाऊ शकतात. तुमच्या खात्यातले डॉक्युमेंट्स मात्र त्याच्या खात्यातून सहसा उघडत नाहीत. आणि इथे आपल्या घरोघरची सवय आडवी येते. आपण सगळं ठेवतो डी ड्राइव्हला! लग्नाचे फोटो, सातबारा, आजीचे रिपोर्ट. आणि विंडोजच्या नेहमीच्या रचनेत डी ड्राइव्ह सगळ्या खात्यांना लिहायला मोकळा असतो. त्या पत्रिकाही डीमध्येच होत्या. महत्त्वाचं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेली राहिली तर तीही जाते.

आयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मूळ विषय भरभर घेतो. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो, तोही अँटिव्हायरसच आहे, आणि शाळकरी मुलाच्या मशीनला माझ्या मते तो पुरतो. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मशीन झेपत असेल तर ११ वर जा, अँटिव्हायरसवर खर्च करण्याआधी हे करा. विकतचा घ्यायचाच असेल तर दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. जर्मनीची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियाची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या संस्था चाचण्यांचे निकाल जाहीर करतात, ते पाहा. आपल्या पुण्याचा क्विक हील आहे, काटकर बंधूंचा, कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभा राहिलेला. मला त्याचा अभिमान आहे, पण त्याचेही निकाल बघूनच घ्या. दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नका, एकमेकांत अडकतात आणि मशीन रखडतं. फुकटचा घेताना तो मुलाची कोणती माहिती गोळा करतो ते वाचा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, लोक कोणत्या साइट बघतात ती माहिती विकली म्हणून.

गेमच्या मॉड्सबद्दल, म्हणजे गेममध्ये बदल करायला वरून टाकतात त्या फायलींबद्दल, बोलायचं राहिलं. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्ट या गेमच्या नावाजलेल्या साइटवरच्या मॉड्समध्येही व्हायरस शिरला होता, एवढंच सांगतो. प्रश्न नंतर घेऊ. आधी कोणीतरी तो पुढचा दिवा बंद करा. लॅपटॉप पडद्याला जोडलाय, दुसरं खातं कसं काढायचं ते आत्ताच करून दाखवतो.