आधी कंदील, मग माणूस

(दृश्य: जुलै महिना. पुण्यात डेक्कनहून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, म्हणजे एनडीएच्या, गेटकडे निघालेली पीएमपीची बस. बाहेर पाऊस, आत काचांवर वाफ. एक लहान मुलगी बोटाने काचेवर मासा काढतेय.)

निवेदन:
कर्वे रोडवर पावसाने गाठलं की पीएमपीच्या खिडक्या धडाधड बंद होतात. वारजे येईपर्यंत काचा घामेजतात, छत्र्यांचं पाणी पायाशी साचतं आणि निम्मी बस पेंगायला लागते. आपण म्हणतो, "काय कोंदट झालंय!" या एका शब्दात आपण तीन तक्रारी उरकून टाकतो. बाष्प वाढलं, उष्मा वाढला आणि आपणच सोडलेला कार्बन डायऑक्साइड वाढला.

अवकाशयानातल्या लाइफ सपोर्टचं, म्हणजे आतल्या माणसांना जगवणाऱ्या यंत्रणेचं, काम सांगायचं तर तेवढंच आहे. कोंदट होऊ द्यायचं नाही.

एक माणूस दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन घेतो आणि साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. श्वासातून आणि घामातून दीड-दोन लिटर पाणी हवेत मिसळतं. नुसता बसून राहिला तरी १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता देतो. बसमध्ये पुढच्या स्टॉपला दार उघडतं, म्हणून हा हिशेब आपण कधी मांडत नाही.

(दृश्य: सांगलीजवळचं हरिपूर. जमिनीत गोल तोंडाचं हळदीचं पेव.)

निवेदन:
आमच्याकडे हा हिशेब मांडणारी माणसं होती, हरिपूरला. तिथे जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायचे. पेव म्हणजे खाली फुगीर, वर अरुंद तोंडाची खोल कोठी. आत हवा खेळत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. बराच वेळ ते उघडं ठेवायचे, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर थांबायचं. तेवता राहिला तर माणूस उतरायचा.

अवकाशयानाच्या चाचण्या याच क्रमाने होतात. कंदिलाच्या जागी तिथे एक यंत्र असतं, माणसाचं सोंग घेतलेलं. बंद कक्षात ते ठरलेल्या मापाने कार्बन डायऑक्साइड सोडतं, वाफ सोडतं, उष्णता सोडतं आणि ऑक्सिजन काढून घेतं. अभियंते बाहेर बसून आकडे बघतात. पंखे, गाळण्या, झडपा आठवडेच्या आठवडे अशा चालवून पाहता येतात.

पण या यंत्राला डोकं दुखत नाही. ते रात्री कूस बदलत नाही, जिना चढून आल्यासारखं धापा टाकत नाही. शेजाऱ्याच्या मोज्यांचा वासही त्याला येत नाही. म्हणून कधीतरी कंदील वर ओढून माणूस उतरवावाच लागतो.

(दृश्य: जुनी कृष्णधवल चित्रं. जाड दाराचा दाबकक्ष.)

निवेदन:
मॉस्को, २३ मार्च १९६१. व्हॅलेंटिन बोंदारेन्को हा २४ वर्षांचा प्रशिक्षणार्थी अंतराळवीर दाबकक्षात एकांतवासाची चाचणी देत होता. मुक्काम १५ दिवसांचा, त्यातला हा दहावा. हवेचा दाब कमी, ऑक्सिजन भरपूर. अंगावरचे सेन्सर काढून त्याने कातडी स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि बोळा टाकला. तो पडला शेगडीच्या तापलेल्या तारेवर. घरात असं झालं तर कापूस पेटतो, आपण "अरे अरे" म्हणतो आणि पाणी ओततो. त्या हवेत अख्खा कक्ष पेटला. आतबाहेरच्या दाबात फरक, त्यामुळे दार पटकन उघडेना. काही तासांनी दवाखान्यात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर २० दिवसांनी युरी गागारिन अवकाशात झेपावला आणि जगभर पेढे वाटले गेले. बोंदारेन्कोचं नाव सोव्हिएत सरकारने १९८६ पर्यंत बाहेर येऊ दिलं नाही.

२७ जानेवारी १९६७. फ्लोरिडातल्या केप केनेडीवर अमेरिकेच्या अपोलो १ यानाची तालीम चालू होती. रॉकेटमध्ये इंधनही भरलेलं नव्हतं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर यानात बसलेले, आत शुद्ध ऑक्सिजन, तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. ठिणगी पडली. आतला दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा, आणि आगीने वाढलेला दाब त्याला चौकटीवर रेटत होता. तिघेही गेले. नंतर नासाने उड्डाणाआधीच्या हवेत ४० टक्के नायट्रोजन मिसळायला सुरुवात केली आणि काही सेकंदांत बाहेर उघडेल असा दरवाजा बसवला. मॉस्कोतली ती बातमी सहा वर्षं आधी कळली असती तर? नक्की काहीच सांगता येत नाही. पण लपवलेला अपघात म्हणजे पेवात विझलेला कंदील खिशात घालून घरी जाण्यासारखं आहे.

ही सगळी माणसं जमिनीवर होती, हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं.

(दृश्य: दिव्यांच्या प्रखर उजेडात उभा हिरवा गहू.)

निवेदन:
आता जरा बरी गोष्ट. १९९५ साली ह्यूस्टनमध्ये नायजेल पॅकहॅम नावाचा शास्त्रज्ञ १५ दिवस एका बंद कक्षात राहिला. सोबतीला ११.२ चौरस मीटर गहू. आपल्या भाषेत, गुंठ्याचा नववा हिस्सा. एका माणसाचा ऑक्सिजन या गव्हाने पुरवला आणि त्याचा कार्बन डायऑक्साइडही या गव्हानेच शोषला.

मग १९९७ मध्ये चौघांनी तिथेच ९१ दिवस काढले. या वेळी बहुतेक काम यंत्रांकडे होतं. गव्हाने उचलला साधारण चौथा हिस्सा, म्हणजे चौघांतल्या एकाचा. पाण्याची सोय मात्र ऐकताना आपल्याकडे नाकं मुरडली जातील. हात धुतलेलं पाणी, हवेतलं बाष्प आणि लघवी, सगळं गोळा करायचं, शुद्ध करायचं आणि परत प्यायचं. तीन महिने. त्यांना काही झालं नाही. टँकरच्या पाण्याबद्दल आपण इतके प्रश्न तरी विचारतो का?

(दृश्य: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. पाण्याच्या यंत्रणेचं उघडलेलं कपाट.)

निवेदन:
जमिनीवर इतकं सगळं तपासूनही यंत्र वर जाऊन अडकलं. का अडकलं, ते ऐकण्यासारखं आहे.

स्थानकावर लघवीचं ऊर्ध्वपातन करून पाणी काढणारं यंत्र बसवलं गेलं. ८५ टक्के पाणी परत मिळावं असा त्याचा हिशेब. थोड्याच काळात ते तुंबलं. आत खडा धरला होता, कॅल्शियम सल्फेटचा. जमिनीवर असं कधीच झालं नव्हतं. जमिनीवर चाचणीला वापरलेली लघवी जमिनीवरच्या माणसांची होती ना! वर वजन पेलावं लागत नाही, त्यामुळे हाडं झिजतात आणि त्यांतलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी यंत्रात जाण्याआधी तिच्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळलं जायचं. दोघांची गाठ पडली आणि खडा तयार झाला. पुढे सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फरिक आम्ल आणलं, तेव्हा गाडं रुळावर आलं. २०२३ मध्ये स्थानकाने एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवायची मजल गाठली.

हवेचंही तसंच. इथे गरम श्वास हलका होऊन आपोआप वर जातो. तिथे 'वर' असं काही नाही. पंखा बंद पडला तर झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्या तोंडाभोवतीच रेंगाळतो. हे पुण्यातल्या कुठल्याही कक्षात करून दाखवता येणार नाही. बंगळुरूतही नाही, ह्यूस्टनमध्येही नाही. अर्थात, म्हणून जमिनीवरची चाचणी सोडून कसं चालेल?

(दृश्य: बस शिवणे ओलांडून कोंढवे धावडेकडे. पाऊस मंदावलेला.)

निवेदन:
भारताच्या गगनयानात तिघांना ४०० किलोमीटर उंचीवर तीन दिवस ठेवायचा बेत आहे. त्याचं लाइफ सपोर्ट बाहेरून मिळेल अशी आधी आशा होती. २०२३ च्या डिसेंबरात इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी स्पष्टच सांगितलं की कुणी द्यायला तयार नाही, आता आपणच बनवणार. माणसाआधीच्या उड्डाणांसाठी इस्रोने व्योममित्रा नावाची मानवाकृती यंत्रबाई तयार केली आहे. ती यानाच्या आतली स्थिती टिपेल, बटणं दाबेल. आपला कंदीलच तो.

आणि मग उतरायची माणसं. प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशू शुक्ला. २०२४ च्या फेब्रुवारीत गगनयानासाठी ही चार नावं जाहीर झाली. चौघेही घडले या बसच्या शेवटच्या स्टॉपपलीकडे, खडकवासल्याच्या एनडीएत. १९८४ मध्ये सॅल्यूत ७ या सोव्हिएत अवकाश स्थानकावर जाऊन आलेले राकेश शर्माही इथलेच. शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये अवकाश स्थानकावर गेले. त्या पाण्याच्या यंत्राशी त्यांची चांगलीच ओळख झाली असणार.

(दृश्य: काळा पडदा. फक्त पावसाचा आवाज.)

निवेदन:
गेटपाशी कॅमेरा बंद करावा लागतो. लष्कराची जागा आहे. त्यामुळे पुढचं नुसतं ऐका.

कॅडेटांची रांग सायकलींवरून चढाला लागली आहे. कुणी बोलत नाही. पेंगत बसलेल्या प्रवाशाच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड यातला प्रत्येक जण या क्षणी बाहेर टाकतोय. बंद कक्षातल्या सोंगाड्या यंत्राचा काटा कुठपर्यंत चढवायचा, ते अशा धापांवरूनच ठरतं.

(सायकलच्या साखळ्यांचा आवाज. श्वास. पाऊस.)