थकव्याचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात?

श्रोतेहो, नमस्कार. स्वयंसेवी संस्थांमधील माणसे थकतात, चिडचिडी होतात आणि एक दिवस काम सोडून जातात, हे आपण सारे जाणतो. मात्र या थकव्यात निधी देणाऱ्यांचा वाटा किती आणि तो कमी करणे त्यांच्या हाती कितपत आहे, हे क्वचितच विचारले जाते. आज तेच विचारायचे आहे; पण त्याआधी माझ्या आवडीची एक हकिगत ऐका.

हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळीत आणि संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात जाऊन रात्री उशिरापर्यंत, प्रसंगी मध्यरात्र उलटून गेली तरी, विनामोबदला काम करीत. तेथील बरेच सहकारीही स्वयंसेवकच होते. मोठ्या उमेदीने आलेली ही मंडळी साधारण वर्षभरात बदलू लागत, असे त्यांच्या लक्षात आले. सर्दी हटत नसे, डोके दुखे, झोप उडे, क्षुल्लक कारणावरून राग येई. आणि विशेष म्हणजे, संस्थेत घालवलेले तास वाढत असताना हातून होणारे काम मात्र घटत जाई.

स्वतः फ्रॉइडनबर्गरही यातून सुटले नाहीत. कुटुंबासह सुट्टीवर जाण्याचा बेत ठरला होता, पण निघण्याच्या वेळी त्यांना अंथरुणातून उठताच येईना. पुढे त्यांनी टेपरेकॉर्डर समोर घेतला, मनात येईल ते बोलून काढले आणि एखाद्या रुग्णाचे ऐकावे तसे स्वतःचेच बोलणे ऐकले. त्या आवाजात थकव्याइतकाच संताप होता. (चेहरा सावरता येतो, आवाज सावरता येत नाही, असे माझे ठाम मत आहे, अर्थात रेडिओवर बोलणाऱ्याचे ते असणारच.)

१९७४ मध्ये त्यांनी 'बर्नआउट'वरील, म्हणजे कामाने माणूस असा आतून पार थकून जाण्यावरील, आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो: ज्यांची कामावर सर्वाधिक निष्ठा, त्यांनाच सर्वाधिक धोका. होय, कामचुकारांना नव्हे, निष्ठावंतांना. म्हणूनच 'झोकून देणारा उमेदवार हवा' अशी जाहिरात वाचली की मला त्या उमेदवाराची काळजी वाटू लागते. त्यांनी सुचवलेले उपायही साधे होते: एकाच माणसाला पुन्हा पुन्हा त्याच कठीण कामावर पाठवू नये, कामाच्या तासांना मर्यादा असावी, थकलेल्याला खरोखरीची सुट्टी द्यावी आणि मनुष्यबळ वाढवावे.

आता ही यादी हिशेबनिसाच्या नजरेने पाहा. एकाला सुट्टी द्यायची तर त्याच्या जागी दुसरा माणूस लागतो आणि त्या दुसऱ्याचा पगार कुठून तरी यावा लागतो. बहुतेक अनुदानांच्या अंदाजपत्रकात त्या दुसऱ्या माणसासाठी आजही रकाना नसतो. प्रकल्पाचे पैसे मिळतात, प्रकल्प चालवणाऱ्यांच्या विसाव्याचे मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचे वर्णन आजार म्हणून केले नाही, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केले. मग कामाची घडी तशीच ठेवून कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाचे तणावमुक्ती शिबिर पुरस्कृत करण्याने काय साधणार?

हा ताण बऱ्याच अंशी अनुदानाच्या अटींतूनच येतो. निधी एका वर्षाचा असेल, तर वर्षाच्या उत्तरार्धात कार्यकर्त्याचे एक लक्ष कामाकडे आणि एक स्वतःच्या नोकरीकडे लागलेले असते. प्रशासकीय खर्चावर कात्री लावली, की संस्था खरा खर्च लपवते, आणि तो कमी दिसला, की देणाऱ्याची अपेक्षा आणखी खाली येते. २००९ मध्ये अमेरिकेतील दोन सल्लागारांनी या प्रकाराला 'उपासमारीचे चक्र' म्हटले होते. शिवाय अहवाल आहेतच. एकाला लाभार्थी वयोगटानुसार हवेत, दुसऱ्याला वेगळ्याच वयोगटांनुसार, तिसऱ्याला तिमाहीनुसार. म्हणून तीच हजेरीवही, तीच नावे, रात्री पुन्हा उघडून पुन्हा मोजली जातात. शुक्रवारी संध्याकाळी 'सोमवारपर्यंत माहिती पाठवावी' असा निरोप धाडणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी मी अधिक बोलत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे: निधी तीन ते पाच वर्षांचा द्यावा, कोठे खर्चायचा हे शक्यतो संस्थेला ठरवू द्यावे, पगार आणि बदली कर्मचाऱ्याचा खर्च उघडपणे मान्य करावा आणि सर्व देणाऱ्यांनी मिळून एकच अहवाल स्वीकारावा. पुन्हा सांगतो: दीर्घ मुदत, मोकळा निधी, एक अहवाल. हे अशक्य नाही. लॉस एंजेलिसमधील डर्फी फाउंडेशन तर १९९७ पासून संस्थाप्रमुखांना दीर्घ विश्रांतीसाठी अनुदान देत आले आहे. माझी तक्रार एवढीच, की अशी रजा बहुधा प्रमुखापाशीच थांबते. पुढच्या करारावर सही करण्यापूर्वी देणाऱ्याने संस्थेच्या लेखापालाला आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याला, त्यांनी सलग आठवडाभराची रजा शेवटची कधी घेतली आणि त्या काळात त्यांचे काम कोणी केले, हे जरूर विचारावे. नमस्कार.