भेट द्यायचं लाकडी घड्याळ: सुरुवात पाठीकडून

नमस्कार मंडळी! बडोद्यातल्या आमच्या सुतारखोलीत तुमचं स्वागत. लग्न, वास्तुशांत, कुणाची निवृत्ती, अशा वेळी देता येईल असं लाकडी घड्याळ आज करू या. फळी मी उलटी ठेवलीय, दिसतंय ना? आधी पाठ कोरायची. तोंड नंतर.

कारण सांगते. सागाची फळी नातवंडांपर्यंत टिकेल. आतलं मशीन तेवढं टिकणार नाही. कधी ना कधी सेल आत विसरला जातो, गळतो आणि मशीन जातं. त्या दिवशी त्या घरातल्या कुणालाही जुनं काढून नवं बसवता आलं पाहिजे. म्हणून मशीन गोंदाने चिकटवलेलं मला अजिबात पटत नाही. इतकी देखणी घड्याळं केवळ त्यापायी माळ्यावर जातात, वाईट वाटतं.

हे बघा मशीन. साधारण ५६ मिलिमीटरचा चौकोनी डबा, जाडी १६ च्या आसपास, एका पेन्सिल सेलवर चालणारं. आपल्याच गुजरातेत, मोरबीला, भिंतीवरच्या घड्याळांचा केवढा मोठा उद्योग आहे, त्यामुळे मशीन मिळायला अडचण नाही. आत क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट त्या आकड्याचे पंधरा वेळा निम्मे करतं, की उरतो सेकंदाला एक ठोका. त्या ठोक्यावर छोटी मोटर काटा एक घर पुढे ढकलते. टिकटिक येते ती इथून. घड्याळ झोपायच्या खोलीत लागणार असेल तर सेकंद काटा न थांबता सरकत जाणारं मशीन मागा. दुकानात त्याला ‘स्वीप’ म्हणतात.

आता लाकूड. बडोद्यात जुनी घरं उतरतात तेव्हा तुळया, चौकटी, दारं वखारीत येतात. असा जुना साग मिळाला तर नव्याच्या मागे लागू नका. तो वर्षानुवर्षं वाळलेला असतो, वाकडा व्हायची भीती कमी. आणि ज्यांना भेट द्यायची त्यांच्याच जुन्या घराची चौकट हाती आली, तर त्याहून मोलाचं लाकूड कुठलं? फक्त रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा. जुन्या सागात खिळे लपलेले असतात. एक खिळा रंध्याच्या पात्याला खोक पाडायला पुरतो.

मी २५ मिलिमीटर जाडीची फळी घेतलीय आणि ३०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ कापलंय. मधोमध आधी बारीक भोक आरपार. आता पाठीकडून खाच. फोर्स्टनर बिटने, म्हणजे सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या बिटने, शेजारी शेजारी भोकं पाडायची आणि कोपरे पटाशीने साफ करायचे. रुंदी ६० मिलिमीटर, आणि जिकडे सेल आहे त्या बाजूला लांबी ७५ पर्यंत वाढवा. ही जादा जागा बोटासाठी. सत्तरीच्या आजोबांना स्क्रू ड्रायव्हर न शोधता सेल काढता आला पाहिजे. आणि कुठल्याही दुकानातलं साधं मशीन याच खाचेत बसेल.

खोली किती? पुढच्या बाजूला ६ मिलिमीटर लाकूड राहील इतकीच. मशीनच्या मधोमध पुढे येणाऱ्या नळीवर नटासाठी आटे असतात. त्या आट्यांची लांबी या ६ पेक्षा तीन-चार मिलिमीटर जास्त हवी, वॉशर आणि नट बसायला. म्हणजे १० मिलिमीटर आट्यांचं मशीन मागायचं. आधी मशीन आणा, मगच खोली ठरवा. मग पुढच्या बाजूने मधलं भोक ८ मिलिमीटरचं करा.

टांगायचं कशावर? मशीनवर प्लॅस्टिकचा आकडा असतो, त्याच्यावर विसंबू नका. एवढ्या सागाचं वजन एक किलोच्या थोडं वर जातं. लोखंडी आकडा वेगळा घ्या आणि लाकडात स्क्रूने घट्ट बसवा.

लाकूड हलतं, हेही लक्षात असू द्या. आपल्याकडचा मे कोरडा, ऑगस्ट दमट. फळी रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून अखंड फळीभोवती घट्ट कडी चिकटवू नका, चीर पडते. संखेड्याचं लाखकाम, तो किरमिजी-सोनेरी रंग, मला फार आवडतो. लेथवर कातलेली कडी तिथून करून घेतलीत तर आत थोडी सैल जागा सोडा आणि एकाच जागी चिकटवा.

बारा खुणांसाठी कोनमापक लागत नाही. परकाराने खुणांचं वर्तुळ काढा आणि परकार तसाच ठेवा. १२ वर टोक ठेवून वर्तुळावर पावलं टाकत जा: २, ४, ६, ८, १०. गुण्या लावून ३ ची जागा काढा आणि तिथून तशीच पावलं: ५, ७, ९, ११, १. बारा खुणा, सारख्या अंतरावर.

काट्यांचा रंग? पितळी काटे सागावर हरवतात, दुकानात कितीही गोड दिसोत. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर १८९६ चा. टॉवरवरची वेळ आपण खालच्या रस्त्यावरून बघतो तेव्हा आकडे कोण वाचतं? काट्यांचा कोन बघतो. तेव्हा काळे काटे घ्या. मिनिट काटा खुणांपर्यंत पोचावा, तास काटा त्याच्या दोन तृतीयांश.

पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच, १२० पासून ३२० पर्यंत. मग जवसाच्या तेलाचा पातळ हात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते: त्या तेलाची चिंधी बोळा करून टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून, बाहेर, पूर्ण वाळू द्या.

तेल वाळल्यावर मशीन बसवा. नट हाताने आवळा आणि पान्याने किंचित. काटे १२ वर एकावर एक बसवा आणि मिनिट काटा बोटाने हळूच पूर्ण फिरवून बघा, कुठे घासत तर नाही ना.

शेवटी पुन्हा पाठ. खाचेशेजारी पेन्सिलने लिहा: कुणासाठी, कोणत्या दिवशी, लाकूड कुठलं आणि आट्यांची लांबी १० मिलिमीटर. नवं मशीन आणणाऱ्याला दुकानात हाच आकडा सांगायचाय. सेल आत घालू नका, पाकिटात वेगळा द्या. आणि जमलं तर स्वतः जाऊन, खिळा ठोकून, घड्याळ भिंतीवर लावून द्या.