बाटली संपलेली नसते

(दृश्य: नोझलच्या टोकाचा अगदी जवळून घेतलेला शॉट. टोकावर वाळलेली पिवळसर गाठ.)

निवेदन: पडद्यावर दिसणारी ही गाठ जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढी आहे. तिच्याखाली नोझलमध्ये वाळलेल्या फेव्हिकॉलचा बुच घट्ट बसला आहे आणि त्याच्याही खाली अर्धी बाटली भरून चांगला, वाहता फेव्हिकॉल आहे. छंद म्हणून प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या कपाटात अशा बाटल्या हमखास सापडतात. दाबूनही काही येत नाही म्हणून त्या मागे सारल्या जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात जातात.

(दृश्य: सांगली, विश्रामबाग. टेबलावर आयर्विन पुलाची अर्धवट प्रतिकृती, भोवती मुले.)

निवेदन: सांगलीतील या खोलीत निवृत्त चित्रकला शिक्षक आणि सुट्टीत त्यांच्याकडे येणारी मुले कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची प्रतिकृती करीत आहेत. १९२९ साली वाहतुकीला खुला झालेला हा दगडी पूल पुठ्ठ्यात आणि बाल्सा लाकडात उभा करायचा, तर कमानीच्या कडेने डिंकाची रेघ बारीक आणि सलग यावी लागते. नोझल अर्धवट तुंबलेले असेल, तर डिंक आधी अडतो, मग जोर लावताच फसकन बाहेर येतो आणि रंगवलेल्या भिंतीवर पसरतो.

(प्रत्यक्ष आवाज)
“सर, ही बाटली संपली.”
“संपली नाही रे, तोंड बंद झालंय तिचं. आण इकडे.”

(दृश्य: कोमट पाण्याची वाटी. नोझल फिरवून काढले जाते आणि पाण्यात सोडले जाते.)

निवेदन: पांढरा डिंक म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेटचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेले मिश्रण. हा पदार्थ फ्रिट्झ क्लाटे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये शोधला आणि आपल्याकडे १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलमुळे तो सुतारांच्या हाती आणि पुढे शाळेच्या दप्तरात पोहोचला. हवा लागली की त्यातील पाणी उडून जाते, कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा पारदर्शक थर तयार होतो. हा थर पाण्यात पुन्हा विरघळून डिंक होत नाही, परंतु कोमट पाण्यात तो फुगतो, पांढरट पडतो आणि मऊ होतो. नोझल मोकळे करण्यासाठी एवढे पुरते. जलरोधक प्रकारचा डिंक मात्र एकदा पक्का वाळला की इतक्या सहज दाद देत नाही. त्याचे नोझल ओले असतानाच धुवावे लागते.

(दृश्य: चिमट्याने नोझलमधून बुच ओढून काढला जातो. शॉट सलग ठेवावा, मध्ये कापू नये.)

निवेदन: हा बुच तुकडे न होता अखंड बाहेर येतो. त्याच्यावर नोझलच्या आतल्या भिंतीचा आकार उमटलेला दिसतो. वरचे टोक बारीक, खालचे जाड.

घाईत बहुतेक जण टाचणी खुपसतात किंवा ब्लेडने नोझलचे टोक छाटतात. टाचणीने वाळलेला डिंक बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो आणि तो तुकडा दोन दिवसांनी पुन्हा तोंडाशी येऊन अडकतो. ब्लेडने छाटलेले नोझल मोकळे होते हे खरे, पण त्यातून पूर्वीसारखी बारीक रेघ पुन्हा कधीही येत नाही. ब्लेडचा हा उपाय इतका सर्रास केला जातो की पुष्कळांना मूळ छिद्र किती लहान होते याचाच विसर पडलेला असतो.

नोझल तुंबू नये म्हणून करायचे काम फार थोडे आहे. रेघ संपताच बाटली उभी धरून हात सैल सोडावा, म्हणजे आत शिरणारी हवा नोझलमधला डिंक खाली ओढून घेते. मग ओल्या फडक्याने टोक पुसावे, टोपणाची आतली बाजूही पुसावी आणि टोपण लावावे. टोपणाच्या आत वाळलेला थर साचला की टोपण पूर्ण बसत नाही, फट राहते आणि त्या फटीतूनच बाटली वाळू लागते.

(दृश्य: बोथट सुई बसवलेली छोटी बाटली. सुईच्या छिद्राचा जवळून शॉट.)

निवेदन: खिडक्यांच्या चौकटींसारख्या नाजूक कामासाठी सर स्टीलची बोथट सुई बसवलेली ही छोटी बाटली वापरतात. सुईची नळी इतकी अरुंद आहे की तासाभराच्या दुर्लक्षानेही ती बंद पडते. ती साफ करायला लागणारी तार त्यांना जवळच, मिरजेत मिळते.

(दृश्य: मिरज. सतारीच्या कारखान्यातील भोपळे, तुणाच्या लाकडाच्या दांड्या, भिंतीवर तारांची वेटोळी.)

निवेदन: मिरजेत तंतुवाद्ये बनवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब हे तिचे आद्य कारागीर मानले जातात. येथील सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून येणारा भोपळा आणि लाकडी दांडी यांचा सांधा पूर्वी सरसाने जोडला जात असे. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा सरस आधी गार पाण्यात भिजवायचा, मग थेट जाळ लागू न देता गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मंद आचेवर पातळ करायचा. तो उकळला तर त्याचा जोर जातो. भांडे थंड झाले की सरस थिजतो आणि ब्रशही ताठ होतो, परंतु गरम पाण्यात दोन्ही पुन्हा मोकळे होतात. त्यामुळे भांडे आणि ब्रश धुणे हा त्या काळी जोडकामाचाच भाग होता आणि त्याला वेगळे काम असे कोणी म्हणत नसे. ही सवय दाबून वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीने मोडली, असे आम्हाला वाटते.

(दृश्य: कारागीर तारेचे उरलेले तुकडे कागदात गुंडाळून देतो.)

निवेदन: सतारीच्या बाजाची, म्हणजे मुख्य सूर वाजवायची पोलादी तार साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची असते. ती ताठ आणि गुळगुळीत असल्यामुळे सुईच्या नळीतून सरळ आरपार जाते आणि अडकलेला डिंक पुढे ढकलते. मात्र ती आत ठेवून द्यायची नाही, कारण पाणी असलेल्या डिंकात पोलाद गंजते आणि त्याचा तांबूस डाग पुढच्या कामावर उमटतो. रात्रभर बुच म्हणून ठेवायला सतारीच्या जोडीची, म्हणजे बाजाशेजारची पितळी किंवा काशाची तार घ्यावी. महिनोन्‌महिने तशीच राहिली तर तीही हिरवट पडते, म्हणून तिलाही अधूनमधून पुसावे लागते.

(दृश्य: फेव्हिक्विकची बाटली. टेबलावरची पाण्याची वाटी उचलून नेली जाते.)

निवेदन: येथून पुढे पाणी टेबलावर नको. झटपट चिकटणारा डिंक, म्हणजे सायनोॲक्रिलेट, हवेतील आणि पृष्ठभागावरील ओलाव्यानेच घट्ट होतो. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या हाती तो १९४२ मध्ये प्रथम आला तेव्हा, दिसेल त्याला चिकटतो म्हणून बाजूला ठेवण्यात आला, आणि १९५८ मध्ये विक्रीला आला. पांढऱ्या डिंकाच्या सवयीने याचे नोझल धुऊन ओलसरच परत बसवले, तर बाटली आपल्याच हाताने बंद केल्यासारखे होते.

काम झाल्यावर ही बाटली उभी ठेवून तिचे बूड टेबलावर हलकेच आपटावे, नोझलमधला थेंब खाली उतरू द्यावा आणि टोक कोरड्या प्लास्टिकच्या तुकड्याने पुसावे. कापसाचा बोळा किंवा सुती चिंधी येथे मुळीच वापरू नये, कारण कापसावर हा डिंक क्षणात घट्ट होतो आणि त्या क्रियेत बोट भाजण्याइतकी उष्णता निर्माण होते.

(दृश्य: काचेच्या झाकणबंद बरणीत धातूचे टोक. उघडी खिडकी.)

निवेदन: धातूचे टोक बंद झाले असेल, तर ते ॲसिटोनमध्ये बुडवून झाकण लावून ठेवावे. नेलपॉलिश काढायचे द्रावण चालते, पण त्यात खरोखर ॲसिटोन आहे ना, हे लेबलवर पाहावे. खिडकी उघडी हवी आणि जवळपास दिवा किंवा गॅस पेटलेला नको. हेच द्रावण पॉलिस्टायरिनच्या प्लास्टिक मॉडेलवर सांडले, तर मॉडेलच विरघळते. टोक ज्योतीवर धरून डिंक जाळून टाकण्याची पद्धतही काही जण सांगतात, पण तो धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, म्हणून या खोलीत ती वापरत नाहीत आणि आम्हीही ती चित्रित केली नाही.

सांगलीच्या पावसाळ्यात ही बाटली उघड्या फळीवर टिकत नाही. सर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवतात. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये, कारण गार बाटलीवर दमट हवेतले पाणी धरते. ती खोलीइतकी कोमट झाल्यावरच टोपण काढावे.

(दृश्य: कचऱ्याच्या घंटागाडीत पडणारी पिशवी.)

निवेदन: आत डिंक वाळलेली बाटली सहसा भंगारवालाही घेत नाही आणि ती थेट कचरा डेपोवर जाते.

(दृश्य: मोठ्या डब्यातून छोट्या बाटलीत डिंक ओतला जातो. मध्ये चहाची गाळणी.)

निवेदन: साफ केलेल्या बाटल्या येथे मोठ्या डब्यातून पुन्हा भरल्या जातात. डब्यावर धरलेली साय आणि कडेचे खडे आत जाऊ नयेत म्हणून डिंक गाळणीतून ओततात, आणि ताटलीत काढून उरलेला डिंक डब्यात परत टाकत नाहीत, कारण त्याच्याबरोबर धूळ आणि वाळलेले कणही आत जातात. बाटली तीन चतुर्थांशच भरली जाते, म्हणजे हवा आत ओढायला जागा राहते. प्रत्येक बाटलीवर मार्करने भरल्याची तारीख लिहिली जाते आणि तारखेखाली भरणाऱ्याचे नाव. ती बाटली पुढे बंद सापडली, तर चिमटा आणि पाण्याची वाटी त्याच्याच पुढ्यात येते.