साडेतेरा हजार टाके

(सुरुवात थेट हातांवर. सुई, कापडाचे थर, दोरा ओढल्याचा आवाज. निवेदन जरा थांबून.)

एका दमात सुईवर तीन-चार टाके घ्यायचे आणि मगच दोरा ओढायचा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा. दोन ओळींत एका बोटाचं, म्हणजे दोनेक सेंटिमीटरचं अंतर. पाच बाय सात फुटांची गोधडी अशी भरायची, तर ओळी होतात ७५ च्या आसपास, टाके १३,५०० च्या घरात आणि एकेरी धरला तरी दोरा लागतो पावणेदोनशे मीटर.

(कोपरखैरणे, नवी मुंबई. गल्ली, गॅलऱ्या, कठड्यांवरचे कपडे.)

सिडकोच्या बैठ्या घरांवर इथे मजले चढलेत, गल्लीत ऊन येतं ते पट्ट्यापुरतं. वाशीच्या घाऊक बाजारात ओझी वाहणारी माथाडी कुटुंबं इथे मोठ्या संख्येनं राहतात; गाव कुणाचं सातारा, कुणाचं सांगली, कुणाचं जुन्नर. गोधडीचा नाद गावाकडूनच आला, जाडी मात्र इथे उतरली. गावी सहा-सात थरांशिवाय भागत नाही. इथल्या थंडीला चार पुरतात, आणि रात्रभर एसी लावणाऱ्या घरातही तेवढेच.

(पलंगाच्या खणातून साड्या निघतात.)

चार थरांना तीन सुती सहावारी साड्या लागतात. दोन बाहेरच्या दोन बाजूंना, तिसरी मध्ये दुहेरी. साडीचा पन्हा सव्वा मीटरच्या आत असतो, त्यामुळे रुंदीला जोड द्यावाच लागतो. हे जोड एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथे वळकटी तयार होते आणि सुई मोडते. साडी उजेडासमोर धरली की कळतं: जिथून आरपार दिसतं तो भाग आत, घट्ट विणीचा बाहेर. फॉल उसवून काढायचा. तो पुष्कळदा सिंथेटिक असतो. धुतल्यावर सुती कापड आटतं, फॉल आटत नाही, आणि गोधडीची कड कायमची चुण्याचुण्यांची होते. पॉलिस्टर साडी मध्ये घातली तरी हेच. ‘आत काय, कोण बघतंय’ म्हणून ती घालणारे पुष्कळ आहेत. कोणी बघत नाही, पण अंगाला कळतं. घाम शोषला जात नाही.

खळ असेल तर आधी धुऊन काढायची, खळीवर कसर येते. रंग जातो का ते पांढरा ओला रुमाल घासून बघायचं. मिठाच्या पाण्यात बुडवून सुटणारा रंग थांबत नाही. असं कापड बाजूला ठेवलेलं बरं.

(फरशीवर अंथरणं. वरून घेतलेला शॉट. हा पूर्ण चालू द्यावा.)

खरी गोधडी इथे ठरते. गुळगुळीत फरशीवर सुती कापड सरकतं, म्हणून चार कोपऱ्यांवर वजन: पाट, वरवंटा, तांदळाचा डबा, हाताला येईल ते. एकेक थर टाकायचा आणि तळहातानं मधून बाहेर सारखा करायचा. चौथा थर पडला की कच्चे टाके, वीत-वीत अंतरावर, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं, म्हणजे शेवटी उसवताना शोधावे लागत नाहीत. तेही मधूनच सुरू करून कडेकडे न्यायचे. कडेनं आत आलात की जास्तीचं कापड मध्यावर साचतं. गोधडीला पोट सुटतं. मग पक्की शिलाई कितीही नेटकी असो, ते पोट जात नाही. सगळं उसवून पुन्हा अंथरणं एवढाच इलाज.

कच्चा टाका झाला की गोधडी गुंडाळून कुठेही नेता येते, आणि म्हणूनच हे काम चालत्या घरात मावतं. डबे गेले, पाणी भरून झालं, दुपारची भांडी आवरली की खिडकीपाशी उजेड आहे तोवर दोन ओळी. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठायचं, पण त्याआधी सुई कापडात खोचून ठेवायची नाही, डबीत टाकायची. रांगतं मूल असलेल्या घरात हा नियम मोडून चालत नाही.

(जवळून: बोट, अंगुस्तान, सुईचं टोक.)

सुई उभी जायला हवी. तिरकी गेली की वरून ओळ सुरेख दिसते आणि खालच्या थराला टाका लागलेलाच नसतो. दर ओळीनंतर गोधडी उलटून बघायची. दोरा सुतीच घ्यायचा, दोन हातांपेक्षा लांब नको. लांब दोरा गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. नायलॉनचा दोरा टिकतो, कापड टिकत नाही: सगळा ताण जुन्या साडीवर येतो आणि ती टाक्याच्या भोकापासून फाटत जाते. गाठ वर ठेवायची नाही, दोन थरांत ओढून घ्यायची. ओळी विरळ ठेवल्या तर पहिल्या दोन-चार धुण्यांतच आतलं कापड गोळा होतं.

मशीनवर हेच काम किती लवकर होईल, असं विचारलं जातं. होतं. पण मशीनची शिलाई थर करकचून आवळते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी राहते. हाताच्या धावदोऱ्यात, म्हणजे या साध्या वर-खाली टाक्यात, कापडाला हलायला जागा असते, गोधडीचा मऊपणा त्यातून येतो.

(कोपऱ्याला गोट लावणं.)

गोट साडीच्या काठाचा. जरीचा नको, हनुवटीला टोचतो. कोपरे आधी झिजतात, म्हणून तिथे त्रिकोणी तुकडा आतून दुहेरी. उरलेल्या मऊ कापडाची दुपटी होतात.

हातशिलाईच्या तासांचा हिशेब धरला तर किंमत कुणाला परवडत नाही, म्हणून गोधडी विकायला फार थोड्या जणी शिवतात. मान धरते, डोळे चुरचुरतात.

(ठाणे, नौपाडा. पावसाची गॅलरी, मग गच्ची.)

जून लागला की टाके थांबतात. दमट हवेत दोरा हाताला चिकटतो, सुईला तांब चढते आणि तिचा डाग कापडावरून निघत नाही. त्या महिन्यांत तुकडे कापून, रंग जुळवून ठेवायचे. शिवायचा खरा हंगाम होळी ते मे.

धुणं घट बसायच्या आधी. गावी ओढ्याचा काठ गोधड्यांनी भरतो, इथे सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागावी लागते. घरच्या मशीनमध्ये गोधडी मावते, पण जोरात पिळायची नाही, ओळी तुटतात. दोरीवर दुमडून टाकली तर घडीत ओल राहते. आडवी पसरावी आणि दुपारी उलटावी. वरून कोरडी लागली तरी जोडाच्या जाड जागी तळहात दाबून बघायचा. गार लागला, तर अजून एक ऊन द्यायचं. तशीच खणात गेली तर काळी बुरशी धरते, आणि ते ठिपके पुढे निघत नाहीत.