जुन्या लॅपटॉपवर मुक्त बूट फर्मवेअर : आधी वाचा, मग लिहा

[टेबलावर उघडलेला लॅपटॉप, कीबोर्ड बाजूला काढून ठेवलेला]

नमस्कार मंडळी. हा थिंकपॅड एक्स२३०, २०१२ सालचं मॉडेल. कीबोर्ड आणि हात टेकवायचा भाग मी आधीच काढलाय. आता हा प्लास्टिकचा पापुद्रा उचलते. दिसल्या? आठ-आठ पायांच्या या दोन चिप. स्क्रीनच्या बाजूची ४ एमबीची, अलीकडची ८ एमबीची. पॉवरचं बटण दाबलं की प्रोसेसर सगळ्यात पहिली सूचना इथूनच उचलतो. हार्ड डिस्क, ऑपरेटिंग सिस्टीम, तुमचा पासवर्ड, सगळं त्यानंतर.

म्हणजे लिनक्स टाकून सगळं मोकळं केलं, तरी त्याच्याही आधी चालणारा हा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर किंवा बायोस, बंदिस्तच राहतो. आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही, बदलता येत नाही. साधं उदाहरण सांगते. या मशीनच्या मूळ बायोसमध्ये वायफाय कार्डांची एक ठरलेली यादी असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन पुढे सुरूच होत नाही. कार्ड चांगलं, लॅपटॉप तुमचा, आणि नकार मात्र एका चिपचा. मला हे पटत नाही, म्हणून आजचा व्हिडिओ : मूळ बायोसच्या जागी मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, फर्मवेअर टाकायचं.

या कामासाठी जो प्रकल्प वापरायचा त्याचं नाव कोअरबूट. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी तो लिनक्सबायोस या नावानं सुरू केला, २००८ मध्ये नाव बदललं. तो एक छान मर्यादा पाळतो : हार्डवेअर जागं करायचं आणि बाजूला व्हायचं. सुरुवातीला रॅमसुद्धा चालू नसते, तेव्हा प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी, म्हणजे कॅशेच, तात्पुरती रॅम म्हणून वापरतो. मग खरी रॅम जुळवतो आणि सूत्रं पुढच्या प्रोग्रामच्या हाती देतो. त्या पुढच्या प्रोग्रामला पेलोड म्हणतात. नेहमीच्या बायोससारखं वागणारं काही हवं असेल तर सीबायोस घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा ग्रबही घेता येतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी सीबायोसच घ्यावं असं माझं मत आहे.

[स्क्रीन : टर्मिनल]

बिल्ड करणं तसं सोपं. गिटवरून कोड उतरवायचा आणि आधी कोअरबूटचा स्वतःचा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बांधायचा : मेक क्रॉसजीसीसी-आय३८६. याला वेळ लागतो, लागू द्या. सिस्टीमवरचा कंपायलर वापरून वेळ वाचवायला जाऊ नका. नंतर मेक मेन्यूकॉन्फिग, त्यात कंपनी, मॉडेल आणि पेलोड निवडा, आणि मेक. बिल्ड फोल्डरमध्ये कोअरबूट डॉट रॉम ही फाइल तयार होते. या मॉडेलवर रॅम जुळवण्याचा कोडही मुक्त आहे. ग्राफिक्स सुरू करणारा भागही मुक्त आहे (तो एडा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय), त्यामुळे मूळ बायोसमधून ग्राफिक्सची फाइल काढत बसावं लागत नाही.

अवघड काम इथून पुढे आहे, आणि ते लिहिण्याचं नाही, वाचण्याचं आहे.

[क्लोज-अप : क्लिप आणि चिप]

चार्जर काढा, बॅटरी काढा, बोर्डावरचा नाण्याएवढा सेलही काढा. ही आठ पिनांची क्लिप. चिपवर बारीक ठिपका आहे ना, ती पहिली पिन. क्लिपची पहिली वायर तिथेच यायला हवी. दुसऱ्या टोकाला प्रोग्रामर, म्हणजे चिप वाचणारं आणि तिच्यात लिहिणारं उपकरण. मी रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड वापरते. सीएच३४१ए नावाचा काळा प्रोग्रामर सगळीकडे दिसतो, पण त्याच्या बऱ्याच बोर्डांवर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात, आणि आपली चिप ३.३ व्होल्टची. चिपच नाही, तिला जोडलेला चिपसेटही धोक्यात येतो. तो बोर्ड दुरुस्त केलेला नसेल तर या कामाला घेऊ नका. वायर जितक्या आखूड तितकं वाचन स्थिर.

आता फ्लॅशरॉम या प्रोग्रामनं चिप वाचायची. एकदा नाही, तीनदा. तीन वेगळ्या फाइल करायच्या आणि तिन्हींचा शा२५६ सम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, ताडून पाहायचा. ४ एमबीच्या चिपची फाइल बरोबर ४१,९४,३०४ बाइटची हवी. आत नुसती शून्यं किंवा नुसते एफएफ (रिकाम्या जागेची खूण) दिसले तर क्लिप चिपला टेकलेलीच नाही.

माझ्या पहिल्या लॅपटॉपवर हे तीन वाचनं जुळेनात. आकार बरोबर, उघडून पाहिलं तर मजकूरही दिसतोय, पण सम दर वेळी वेगळा. आख्खी संध्याकाळ गेली. शेवटी भिंग घेऊन पाहिलं तेव्हा कळलं की क्लिपचा एक दात चिपच्या पायावर तिरका बसलाय. त्या अवस्थेत मी लिहायला घेतलं असतं तर चिपमध्ये अर्धवट फर्मवेअर गेलं असतं, आणि परतायला खरा बॅकअपही उरला नसता.

"बॅकअप कशाला, कुणाची तरी फाइल उतरवून घेऊ," असं वाटत असेल तर थांबा. ८ एमबीच्या चिपमध्ये ८ केबीचा एक तुकडा इथरनेटसाठी राखलेला असतो आणि त्यात तुमच्या मशीनचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची स्वतःची ओळख, असते. दुसऱ्याची फाइल लिहिली की त्याचा पत्ता तुमच्या मशीनला. म्हणून तुमच्या चिपचा बॅकअप तुमच्याच चिपमधून, आणि तो या लॅपटॉपवर न ठेवता दोन वेगळ्या ठिकाणी.

त्याच ८ एमबीच्या चिपमध्ये इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचं, म्हणजे मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या चालणाऱ्या छोट्या कंट्रोलरचं, फर्मवेअरही असतं. ते पूर्ण पुसता येत नाही : ते सापडलं नाही तर मशीन साधारण ३० मिनिटांनी स्वतःहून बंद पडतं. मी-क्लीनर नावाचं साधन त्याचे बहुतेक भाग कापून टाकतं, जवळजवळ ५ एमबीचं १०० केबीच्या आत येतं. पण सुरुवातीचा तुकडा आत राहतोच, आणि तो बंदिस्तच आहे. कीबोर्ड, बॅटरी, पंखा सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं फर्मवेअरही बंदिस्तच राहतं. हे लपवून "शंभर टक्के मुक्त" म्हणणं मला जमणार नाही. ज्यांना इंजिन मुळापासून नको असेल त्यांनी २००८ चा एक्स२०० पाहावा. तिथे ते संपूर्ण काढता येतं.

त्या कीबोर्ड-बॅटरीच्या कंट्रोलरवरून आठवलं. त्याचं अपडेट मूळ बायोसच्या अपडेटबरोबरच येतं. ते करायचं असेल तर कोअरबूट टाकण्याआधीच करा.

पहिल्या वेळी ८ एमबीच्या चिपमध्ये काही लिहू नका. मेन्यूकॉन्फिगमध्ये कोअरबूटची जागा ४ एमबी ठेवा आणि बारा एमबीच्या कोअरबूट डॉट रॉम फाइलमधले फक्त शेवटचे ४ एमबी वरच्या, म्हणजे ४ एमबीच्या, चिपमध्ये लिहा. फ्लॅशरॉम लिहून झाल्यावर स्वतः पडताळतं. 'व्हेरिफाइड' दिसल्याशिवाय क्लिप काढायची नाही.

[लॅपटॉप, अजून उघडाच]

स्क्रू आत्ताच लावू नका. कीबोर्ड नुसता जोडा, चार्जर लावा, बटण दाबा. पहिल्या खेपेला स्क्रीन काही सेकंद काळीच राहील, कारण रॅमची जुळवणी पहिल्यांदाच होतेय. पुढच्या वेळी ती साठवलेली असते. एक मिनिट थांबूनही काही आलं नाही, तर चार्जर काढा, क्लिप लावा, आणि तो तीनदा ताडलेला बॅकअप परत लिहा.

[स्क्रीनवर सीबायोसची ओळ उमटते]

आला. आता यादीबाहेरचं ते वायफाय कार्ड लावून बघूया.